समुद्रफुलाची अर्धल

माकणीत अशी बोलवा उठली होती की हरणाबाईनं घरात काचेच्या पेटीत एक काळीज पाळलंय. जिवंत काळीज. वरची बत्ती लावली की ते फुगतं, विझवली की आकसतं, आणि आठवड्यातून दोनदा त्याला झिंगे चारावे लागतात. ते बोकडाचं नाही यावर गावाचं एकमत होतं. कुणाचं आहे यावर मात्र दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणायचा, ते तिच्या नवऱ्याचं, धुळाप्पाचं. कारण लग्न झाल्यापासून धुळाप्पाच्या छातीत काळीज असल्याची खूण कुणाला दिसलेली नव्हती. दुसरा पक्ष म्हणायचा, धुळाप्पाचं एवढं मोठं कुठलं.

धुळाप्पाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो पारावर पत्ते पिसत होता. त्यानं सदऱ्यात हात घालून छाती चाचपली, "हाय जाग्यावर," म्हणाला आणि पान टाकलं.

खरं म्हणजे ते काळीज नव्हतंच. ते होतं समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी जात जनावराची. समुद्रात खडकाला बूड चिकटवून बसायचं, अंगावरचे मऊ मऊ गोंडे पाण्यात हलवत ठेवायचे, त्यात खाणं सापडलं की धरायचं आणि मधल्या तोंडात सारायचं, एवढाच त्याचा धंदा. बोलवा उठवली होती समोरच्या सत्यभामानं. तिनं दिवेलागणीला खिडकीतून डोकावलं तेव्हा ते गोंडे आत ओढून लालभडक गोळा होऊन बसलं होतं. सत्यभामाचं असं आहे, की तिला निम्मं दिसलं तरी पुरतं; उरलेलं निम्मं ती घरी जाऊन स्वतःच्या पदरचं घालते.

आता माकणीत समुद्रफूल आलं कसं? गावाला मोठं पाणी ठाऊक आहे ते धरणाचं, आणि मीठ ठाऊक आहे ते पुडीतलं. दोन्ही एका ठिकाणी पाहायची वेळ कधी आली नव्हती. ती आणली हरणाबाईच्या सुनेच्या भावानं. सून अर्पिता, तिचा भाऊ नंदीश. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायचा नाद. कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं आणि पुण्यातल्या एकाही मित्रानं टाकी ठेवून घेतली नाही. ठेवून घेईल असं माणूस मग एकच उरतं, बहीण. तिला नाही म्हणता येत नाही, आणि तिच्या सासूला विचारायचं राहून जातं.

तर ती सासू म्हणजे हरणाबाई. तिचं सगळं आयुष्य शेळ्यांमागं गेलेलं. धरणाकडेचं गायरान, कालव्याचा भराव, बाभळीच्या शेंगा, हाच तिचा रस्ता. पुढं गुडघे गेले, लेक शिवराज तालुक्याला नोकरीला लागला, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, आणि स्लॅबच्या घराला शेळ्यांचा वास सोसत नाही असं ठरलं. कुणी ठरवलं हे आजतागायत कुणी कबूल करत नाही. शेळ्या बाजाराला गेल्या. मग हरणाबाई ओट्यावर बसून गल्ली राखू लागली. कुणी जरा वाट सोडून वळलं की ती लांबूनच हाळी द्यायची, "ए, तिकडं कुठं? फीर माघारी." गल्लीतली चांगली मिशीवाली माणसंसुद्धा दचकून माघारी फिरायची आणि घरी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं की आपण दळण आणायला निघालो होतो.

नंदीशनं टाकी बैठकीत मांडली. शिलाई मशीनएवढीच, पण तिच्यासोबत पंप, बत्ती, मिठाची पाकिटं आणि सूचना एवढ्या, की नवरीसोबतसुद्धा एवढं सामान येत नाही. आत एक खडक, खडकावर हे समुद्रफूल, आणि त्याच्या गोंड्यांत अंग घुसळत बसलेला नारिंगी रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा. ह्या जातीच्या समुद्रफुलाच्या प्रत्येक गोंड्याचं टोक फुगीर असतं. हरणाबाई काचेला नाक लावून लई वेळ बघत राहिली.

"पाव्हणं," ती म्हणाली, "ह्याला सडं किती हायती?"

"मावशी, ते सड नाहीत. त्यानं ते खाणं पकडतं."

"मग ते पिल्लू तोंड लावून काय पितंय?"

"ते पिल्लू नाही, मासा आहे. त्याला तिथं सुरक्षित वाटतं. दुसरं कुणी गेलं तर त्याला चटका बसतो, ह्याला बसत नाही."

"म्हंजी आईच की," हरणाबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून समुद्रफुलाचं नाव भुरी पडलं. माशाला नाव मिळालं नाही. दुसऱ्याच्या अंगाला घासत बसणाऱ्याला ती नाव देत नसे.

टाकी सांभाळायची होती अर्पितानं. तसं महिनाभर चाललं. गावातल्या फिल्टरवरून जारचं पाणी आणायचं, त्यात पाकिटातलं मीठ कालवायचं, खारेपणा दाखवणाऱ्या काट्यानं मापायचं. हरणाबाई मागं उभी राहून बघायची. एक दिवस अर्पिता माहेरी गेली आणि माघारी येऊन बघते तर सासूबाईंनी काटा कपाटात ठेवून दिलेला. त्या टाकीत बोट बुडवून जिभेला लावत होत्या.

"आत्या, काय करताव?"

"अळणी झालंय. मीठ घाल."

अर्पितानं काटा काढून मापलं. पाणी अगदी बरोबर होतं. अळणी झाली होती ती हरणाबाईची जीभ, सकाळपासून तिसऱ्यांदा लावलेल्या मिश्रीनं. पण हे तिनं मान्य केलं नाही. "काटा कंपनीचा हाय," ती म्हणाली, "कंपनीच्याच बाजूनं बोलणार." त्यानंतर मात्र चव बघण्याआधी चूळ भरायला लागली.

पहिला उन्हाळा आला आणि भुरी घरातली सर्वांत वजनदार व्यक्ती झाली. आपल्याकडचं ऊन काय आहे ते सांगायला नको. समुद्रफुलाला ते झेपत नाही. पाणी तापलं की ते मान टाकतं. हरणाबाईनं टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळलं, फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या पाण्यावर तरंगत सोडल्या आणि अंगणातला कूलर उचलून टाकीसमोर आणला. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर पंप, बत्ती आणि कूलर एवढंच ओढायचा. पंखे बंद.

"घरात मला वारा न्हाय आन तिला वारा हाय," धुळाप्पा म्हणाला.

"तुमी काय पाण्यात ऱ्हाताव व्हय?"

धुळाप्पानं अंथरूण उचलून टाकीखाली टाकलं. वैशाखात दुपारी लाईट गेली की गल्लीत गार हवा फक्त त्या बैठकीत असायची. हळूहळू निम्मी गल्ली तिथं येऊन बसू लागली. कुणी शेंगा फोडायला आणायचं, कुणी नातवंडाला निजवायला. आल्यासारखं भुरीची चौकशी करायची पद्धत पडली. सत्यभामा रोज यायची, कूलरच्या तोंडाशी बसायची आणि म्हणायची, "आज जरा सुकल्यावाणी वाटतीया."

हरणाबाई लगेच उठून काचेला नाक लावायची. कारण भुरी खरोखरच अधूनमधून सुकायची. अंगातलं सगळं पाणी टाकून फाटक्या पायमोज्यासारखी पडायची आणि थोड्या वेळानं पुन्हा फुगायची. नंदीशनं फोनवर सांगितलं होतं की ते असं करतंच, घाण बाहेर टाकतं. पण एकदा ती अशी पडलेली असताना हरणाबाईनं गोडंतेल आणि सोड्याची वाटी तयार केली. पोट फुगलेल्या शेळीला हेच पाजतात. अर्पितानं वाटी हातातून अक्षरशः ओढून घेतली.

"आत्या, तेलानं पाण्यावर थर येईल. मरंल ती."

"शेळी मरत न्हाय त्यानं."

"शेळी पाण्याबाहेर ऱ्हाती, आत्या."

हरणाबाईनं वाटी परत घेतली. तिनं मग त्या तेलात धुळाप्पाला भजी तळून दिली, आणि सोडा पिठात गेला.

दृष्ट काढायचा प्रसंगही असाच. सत्यभामा एकदा म्हणाली, "किती टपोरी झालीया गं तुझी भुरी," आणि दुसऱ्या दिवशी भुरीनं झिंगा थुंकून टाकला. दृष्ट लागली हे उघड होतं. हरणाबाईनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या आणि टाकीसमोर थबकली. जी बया चोवीस तास मिठात बसलीय तिच्यावरनं मीठ ओवाळून काय उतरणार? तिनं मीठ बाजूला ठेवलं, नुसत्या मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. त्या मिरच्यांचा इतका ठसका उठला की गार हवेला आलेली गल्ली पाच मिनिटांत उन्हात उभी होती. दृष्ट त्या मिरच्यांत गेली की माणसांबरोबर बाहेर गेली, कुणास ठाऊक. पण भुरीनं पुढचा झिंगा मुकाट्यानं खाल्ला.

दुसरा उन्हाळा उतरत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी हरणाबाईनं बत्ती लावली आणि बघते तर काय. भुरी लांबट झाली होती. एक टोक खडकाच्या ह्या बाजूला, एक टोक त्या बाजूला, आणि मधे ती जुन्या सतरंजीसारखी ताणलेली. तोंड वाकडं झालेलं.

"अडलीया," हरणाबाई म्हणाली आणि बाह्या वर करायला लागली.

तिनं आयुष्यात कितीतरी अडलेल्या शेळ्या हातानं मोकळ्या केल्या होत्या. अर्पितानं भावाला व्हिडिओ कॉल लावला. नंदीश अंथरुणातच होता.

"मावशी, हात घालू नका. ती दोन होते आहे. तिचं तिला करू द्या."

"पाव्हणं, तुमी गोधडीत पडून सांगताव. हितं तिच्या मधोमध भोक पडलंय."

"पडू द्या."

"पडू द्या म्हनं," हरणाबाई धुळाप्पाला म्हणाली. "पोरास्नी कळतंय का काय बाळंतपणातलं?" पण तिनं हात घातला नाही. ती दिवसभर टाकीशेजारी बसून राहिली, काचेवर तळवा ठेवून, तोंडानं शेळीला धीर देतात तसा बारीक आवाज काढत. जेवली नाही. धुळाप्पाही मग पारावर गेला नाही. नुसता येरझाऱ्या घालत राहिला, आणि सत्यभामा म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस बाप झाल्यासारखा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी टाकीत दोन भुऱ्या होत्या. दोन्ही जरा चुरगळलेल्या, पण जित्या.

"व्याली," हरणाबाईनं गल्लीला सांगितलं.

जनावर व्यालं की शेजारीपाजारी चीक मागायला येतात. सत्यभामाही वाटी घेऊन आली. "थोडा दे की गं चीक. खरवस करते."

"मी कशाला देऊ? सडं दिसालेत न्हवं? घे पिळून."

सत्यभामानं चेष्टा चेष्टेत बोट घातलं. भुरीचे गोंडे बोटाला चिकटले, बोटाला मुंग्या आल्या, आणि सत्यभामा वाटी टाकून जी निघाली ती तिच्या स्वतःच्या न्हाणीघरात जाऊन थांबली. दोन दिवस बोटाला हळद लावून हिंडत होती आणि सांगत होती की पिल्लाची आई आहे, अंगावर येणारच.

हे सगळं सुखात चाललं होतं आणि नंदीशचा फोन आला. जर्मनीतलं काम संपलं होतं. पुण्यात आधीपेक्षा मोठी टाकी मांडून झाली होती, पाणीसुद्धा मुरलं होतं. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. "दोन्ही न्यायला," तो आनंदानं म्हणाला. मित्रांना त्यानं दोघींचे फोटोही दाखवले होते.

हरणाबाई त्या दिवशी ओट्यावर बसली नाही. गल्लीत कोण कुठं वळतंय हे तिनं बघितलं नाही आणि गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. ती टाकीसमोर पाय लांब करून बसली होती. एकदा शेळ्या गेल्या तेव्हा ती दावणीचे खुंटे उपटायलाच गेली नव्हती. ते शिवराजनं उपटले. आता पुन्हा बैठकीतला एक कोपरा रिकामा होणार होता.

संध्याकाळी ती अर्पिताला म्हणाली, "भुरी अर्धलीची हाय. एक आपली."

अर्धल म्हणजे काय हे इकडं पोराटोरांना ठाऊक असतं. ज्याच्याकडं शेळी आहे पण राखायला माणूस नाही, तो ती दुसऱ्याच्या दावणीला देतो. चारापाणी, दुखणंखुपणं राखणाऱ्याचं. शेळी व्याली की पिल्लं निम्मी निम्मी, आणि एकच झालं तर पहिल्या वेताचं राखणाऱ्याचं. ह्याचा कागद होत नाही, तोंडी चालतं. पण समुद्रातल्या जनावराला अर्धल लावायची ही माकणीतली पहिलीच वेळ होती.

"आत्या, नंद्या ऐकायचा न्हाय," अर्पिता म्हणाली. "आन ऐकलं तरी टाकी त्याचीच हाय. ती नेली तर आपलीला ठिवायचं कशात? घागरीत?"

हरणाबाई विचारात पडली. पिल्लावर हक्क सांगता येतो, पण दावणीवर नाही. मग तिनं भुऱ्यांकडं बारकाईनं पाहायला सुरुवात केली. दोन उन्हाळ्यांत तिला एक गोष्ट दिसलेली होती. भुरीला चालता येतं. शेळीइतकं नाही, पण सावलीतून उजेडात ती बूड सरकवत जाते. आणि एकदा बूड चिकटलं की ओढून निघत नाही. ओढलं तर फाटतं. खडकावर बसली तर खडकासकट उचलता येते. पण काचेवर बसली, तर काच उचलावी लागेल, आणि पाण्यानं भरलेली टाकी कुणाच्यानं उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्पिता बैठकीत आली तर टाकीच्या निम्म्या बत्तीला हरणाबाईचं जुनं लुगडं घडी करून गुंडाळलेलं. खडकावर सावली आणि उजेड फक्त मागच्या काचेच्या कोपऱ्यात.

"आत्या, हे काय?"

"डास बसत्यात."

"पाण्यात?"

"बत्तीवर."

अर्पितानं सासूकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं, आणि चहा टाकायला आत गेली. लुगडं काढलं नाही. तिला भाऊ होता तशी सासूही होती, आणि राहायचं सासूकडं होतं.

कोणती ठेवायची, आई का पिल्लू, हे हरणाबाईनं ठरवलं नाही. "जी चालंल ती आपली," ती भुऱ्यांना म्हणाली. "जिला जायाचं ती बसंल खडकावर." दोन दिवस दोघीही ढिम्म बसून राहिल्या. हरणाबाईनं लुगड्याची घडी जरा सरकवली. मग त्यातली एक सुटली. इंच इंच करत खडकाच्या कडेनं उतरली, वाळूत एकदा बसकण मारली, पुन्हा निघाली आणि शनिवारी जेवणाच्या वेळेला मागच्या काचेवर चढून गोंडे पसरून बसली. हरणाबाईनं लुगडं काढलं, धुतलं आणि नेसलं.

रविवारी नंदीश आला. बादल्या, हवेचा पंप, पेढे, आणि मावशीसाठी जर्मनीचं गुडघ्याला लावायचं मलम. त्यानं टाकी बघितली आणि त्याचा चेहरा फुलून आला. पाणी स्वच्छ, मासा ताजा, दोघी टपोऱ्या.

"मावशी, कमाल केलीत. माझ्याकडंसुद्धा एवढी चांगली नव्हती."

"बसा. चहा घ्या. गुरुसिद्धप्पा येतायत."

गुरुसिद्धप्पा म्हणजे गावातले किराणा दुकानवाले. त्यांच्या शेळ्या गावात तीन घरी अर्धलीनं आहेत, त्यामुळं ह्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्यामागं सत्यभामा आली, आणि सत्यभामामागं निम्मी गल्ली; कूलर चालू नव्हता तरी. नंदीशला वाटलं, आपल्याला भेटायला आलेत. तो पेढे वाटू लागला.

गुरुसिद्धप्पांनी पेढा खाल्ला, हरणाबाईची तक्रार ऐकली, मग नंदीशकडं वळले.

"पाव्हणं, अर्धल ठरली हुती का?"

"काका, मी असं काही बोललोच नव्हतो. मी फक्त सांभाळायला दिली होती."

"बोलायचं कशाला?" हरणाबाई म्हणाली. "जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं आन दोन उन्हाळं तोंड दाखवायचं न्हाय, हीच अर्धल."

"पण मावशी, ती व्यालेली नाही. ती एकाची दोन झाली. दोन्ही तीच आहे."

गुरुसिद्धप्पांनी दुसरा पेढा घेतला. "दोन्ही तीच कशी? एक आई आसंल, एक पिल्लू आसंल. आई मालकाची, पिल्लू हिचं. साधं हाय." ते उठून टाकीपाशी गेले. "आई कोंची?"

कुणालाच सांगता येईना. वयानं लहानमोठं ओळखायचं तर दात बघतात. गुरुसिद्धप्पांनी चष्मा सारखा करून दोघींच्या तोंडात डोकावून पाहिलं. दात नव्हते. कानाला खूण केली होती का विचारलं, कान नव्हते. मासा कुणाला आई समजतो ते बघू म्हणाले, तर मासा जरा वेळ हिच्यात, जरा वेळ तिच्यात, फितूर साक्षीदारासारखा.

"धुळाप्पा, तू सांग. तू घरातला हायस."

"मला इचारताव?" धुळाप्पा म्हणाला. "मी इतकं दिवस खाली निजलो. वरचं मला काय म्हाईत?"

शेवटी गुरुसिद्धप्पांनी निकाल दिला. आई ठरत नाही, पिल्लू ठरत नाही, तेव्हा एक मालकाची आणि एक राखणाऱ्याची. नंदीशनं पेढ्यांचा पुडा बंद केला. त्याला दोन्ही हव्या होत्या हे तर होतंच, पण काळजी दुसरीच होती.

"एक ठेवायला माझी ना नाही," तो म्हणाला. "पण टाकी मला न्यायची आहे, मित्राला कबूल केलीय. आणि टाकीशिवाय ती इथं एक दिवस जगणार नाही. मावशी, अशानं ती मरेल."

हरणाबाईचा चेहरा उतरला. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "दावण मालकाची. त्यात मला बोलता येत न्हाय." गल्लीनं हातातले पेढे खाली ठेवले. सत्यभामानंसुद्धा.

"मग दोघी बी न्या," हरणाबाई म्हणाली. "मरण्यापरास बरं. खडकावरची आधी घ्या."

नंदीशनं खडक अलगद उचलून बादलीत ठेवला. ती जागची हललीही नाही. मासाही जाळीत आला. मग त्यानं बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि मागच्या काचेकडं हात नेला. बोट लागताच दुसरीनं गोंडे आत घेतले आणि बूड असं काही गच्च धरलं की जणू काचेचाच फोड. त्यानं नखानं कडेनं उचलायचा प्रयत्न केला. मग खिशातून आधार कार्ड काढलं आणि त्याची कड खाली सारली. आधार कार्ड वाकलं. ती सरकली नाही. तिच्या बुडाची कड जराशी फाटल्यासारखी झाली आणि हरणाबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तोच शेळीला धीर देतात तो. नंदीशनं हात थांबवला.  फाडून नेणं त्याच्या हातून झालं नाही. त्यानं हात बाहेर काढला आणि पुसला.

"राहू दे टाकी," तो म्हणाला. "मित्राला सांगतो काहीतरी."

मासाही त्यानं माघारी टाकीत सोडला. म्हणाला, ह्याला ह्या घराची सवय झालीय. बादली गाडीत गेली, हवेचा पंप घुरघुरायला लागला. गल्ली दारापर्यंत पोचवायला आली. गाडीत बसता बसता त्याची नजर ओट्यावरच्या हरणाबाईकडं गेली. ती काही बोलत नव्हती, आणि हरणाबाई बोलत नाही ही साधी गोष्ट नव्हे. मग त्यानं बहिणीकडं पाहिलं. अर्पिता दारातल्या रांगोळीकडं इतकं लक्ष देऊन बघत होती की त्याला काय समजायचं ते समजलं.

"मावशी," त्यानं काच खाली करून विचारलं, "खरं सांगा. तिला काचेवर तुम्हीच बसवलंत ना?"

हरणाबाई म्हणाली, "म्या कशाला बसवू, पाव्हणं? तुमच्या भैणीला तरी म्या काय चिटकवून ठिवलंय व्हय? बरं वाटलं म्हणून ऱ्हायलीया ती. नेऊन बगा, येती का."